गुरुवारची कोरडी चाचणी

बोपोडीतल्या त्या लाँड्रीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा हायड्रोच्या कुलपाच्या खाचेत चमच्याचा मोडका दांडा खोचलेला दिसला. हायड्रो म्हणजे धुतलेल्या ओल्या चादरी गरागरा फिरवून त्यांतलं पाणी काढणारं मशीन. आत भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम, वर गोल झाकण. बंद केल्यावरही ड्रम तीन-चार मिनिटं आपल्या जोरावर फिरत राहतो, म्हणून तेवढा वेळ झाकण अडवून धरणारं कुलूप मशीनला होतं. ते कुलूप कुणीतरी केव्हाच काढून टाकलं होतं. चमच्यामुळे मशीनला वाटायचं, कुलूप लागलंय.

मी दांडा उपसून काढला. मोटर बंद पडली. लाँड्रीतल्या चारही बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

“ए ताई, ठेव तो चमचा व्हता तिथं,” हायड्रो चालवणारी मावशी म्हणाली. “अकरा वर्षं तोच मशीन चालवतोय.”

तिची पद्धत तिने मला तिथेच दाखवली. स्टॉप दाबायचा, झाकण उघडायचं, कान द्यायचा, आणि ड्रमची घरघर जरा उतरली की जाड टॉवेलची चौघडी करून फिरत्या ड्रमच्या काठावर दाबून धरायची. चार मिनिटांचं काम पाऊण मिनिटात. तिच्या उजव्या तळव्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळट कडक पट्टा होता. मला तो पाहवेना.

इथे मी कुठून आले ते सांगायला हवं. माझे वडील विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी लाइनमन होते आणि कामगार युनियनच्या शाखेचे चिटणीस. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळ्या कागदांवर छापलेली, ‘बंधू-भगिनींनो’ने सुरू होणारी आणि उद्गारचिन्हांनी संपणारी. मी अक्षरं त्यांवर शिकले. वह्यांना कव्हरं त्यांची, डब्यात पोळीखाली कागद त्यांचा. विजेच्या खांबावर चढलेल्या माणसाचा जीव खाली स्विचपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या शब्दावर असतो, हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून पुण्याला आले ते हेच डोक्यात घेऊन. मोटरचा वेग हवा तसा वाढवणारी-उतरवणारी डबी असते, तिला ड्राइव्ह म्हणतात. ते ड्राइव्ह विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मला सर्व्हिसचं काम मिळालं.

काम एकटीचं होतं. स्कूटरच्या डिकीत टूलकिट, पाठीवर लॅपटॉप. सकाळी चाकण, दुपारी सिंहगड रोड, संध्याकाळी पुन्हा हिंजवडीला माझ्या पीजीवर. रूम पार्टनर रात्रपाळीला असायची. मला तिचा चेहरा नीट आठवत नाही, तिच्या चादरीवरची जांभळी फुलं आठवतात. कारखान्यांत पुरुष जेवायला एकत्र बसत, मी पॅनेलच्या मागे किंवा जिन्यात डबा उघडायची. आठवडा आठवडा असा जाई की मी कुणाशी बोललेलं प्रत्येक वाक्य मोटरबद्दल असे.

म्हणून असेल, त्या लाँड्रीने मला धरलं. पहिल्याच दुपारी मावशीने विचारलं, “डबा कुटं खाणार?” मी म्हटलं, बघते कुठेतरी. “कुटंतरी म्हंजे? बस की हितं.” इस्त्रीच्या टेबलाखाली चौघींचं वर्तुळ होतं, ते जरा सरकलं आणि मी पाचवी झाले. त्यांनी माझ्या भाजीतलं तिखट चाखून एकमेकींना डोळे मारले. हिंजवडीच्या पीजींच्या चादरी तिथेच धुवायला येत. मी कुठल्या पीजीत राहते ते कळल्यावर एक जण म्हणाली, “म्हंजे तुझी चादर आमीच धुतो. चहा सांडत जाऊ नकोस ग.” मी खूप हसले. पुण्यात माझ्याबद्दल कुणाला काहीतरी माहीत असण्याची ती पहिली वेळ होती.

मालकांना ड्राइव्ह हवा होता तो मोटर हळू सुरू व्हावी म्हणून, कारण थेट सुरू केल्याने मोटरचे पट्टे तुटत होते. आणि ड्रम लवकर थांबावा म्हणून, कारण हिंजवडीचा टेम्पो चार वाजता निघायचा. मी त्यांना चमचा दाखवला. म्हटलं, हे गुन्हेगारी काम आहे, कुणाचा हात जाईल तेव्हा जबाबदार कोण? ते बोलत असताना चष्मा पुसायचे.

“मॅडम, आपण ड्राइव्ह बसवायला आलात ना? मग बसवा. सभा घ्यायची असेल तर बाहेर चौक आहे.”

मी चौकात गेले नाही, पण रात्री बसून पत्रक लिहिलं. ‘भगिनींनो, आपला हात म्हणजे ब्रेक नव्हे!’ दुसऱ्या दिवशी ते हायड्रोच्या वरच्या भिंतीवर चिकटवलं. मावशीने ओळीवर बोट ठेवून ते पूर्ण वाचलं आणि म्हणाली, “भगिनींनो कशाला? आमी चारच हाय. नावं घालायची की.” मग जरा थांबून, “आन् हात काढून घेतला तर टेम्पोला थांबवायला तू येणार का?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, असं मला वाटलं. मी सगळं नीट करणार होते. ड्राइव्हच ड्रमला पंचवीस सेकंदांत उतरवत आणून थांबवेल. नवीन विजेचं कुलूप लावेन. ड्रम थांबला असा निरोप ड्राइव्हकडून मिळेल तेव्हाच ते उघडेल. चार मिनिटंही नकोत आणि टॉवेलही नको. हाताचा प्रश्न सुटेल आणि टेम्पोचाही. मला आठवतं, स्कूटरवर विद्यापीठाच्या चौकात अडकलेली असताना मी ही योजना मनात भाषणासारखी मोठ्याने म्हणत होते.

मालकांनी मशीन फक्त गुरुवारी बंद ठेवायला मान्यता दिली. गुरुवारी आपल्याकडे पाणी नसतं. सगळ्या शहराच्या नळांना त्या दिवशी सुट्टी, त्यामुळे लाँड्रीही अर्धी बंद, दोघी जणी नुसत्या इस्त्रीला. कोणत्याही लाँड्रीवाल्याने मशीनचं काम गुरुवारीच काढलं असतं. मलाही तो दिवस सोयीचाच वाटला.

मी ड्राइव्ह बसवला, वायरी ओढल्या, कुलूप लावलं. मग चाचणी. ओल्या चादरी कुठून आणणार? ड्रमभर कोरड्या चादरी भरल्या, वेग पूर्ण चढवला, स्टॉप दाबला. मोटरचा बारीक सूर खाली खाली येत गेला, पंचविसाव्या सेकंदाला ड्रम थांबला, टक् करून कुलूप उघडलं. दहा वेळा केलं. दहाही वेळा पंचवीस सेकंद.

मावशी त्या दिवशी इस्त्रीवर होती. तिला मी हाताला धरून आणलं आणि दाखवलं.

“म्हंजे टावेल नको?”

“नको.”

“कान द्यायला नको?”

“मावशी, टक् वाजलं की थांबला. डोळे झाकून उघडा.”

तिने तळव्यावरच्या पट्ट्यावर बोट फिरवलं आणि चमचा कुठाय म्हणून विचारलं. मी तो कचऱ्यात टाकला होता.

सोमवारी दुपारी कंपनीतल्या माझ्या सरांचा फोन आला. मी चाकणला होते. “तुझ्या त्या लाँड्रीत एका बाईचा हात गेलाय मशीनमध्ये. जाऊन बघ, आणि आधी काही बोलू नकोस.” हात गेलाय म्हणजे किती गेलाय, हे त्यांना माहीत नव्हतं. चाकणहून बोपोडीपर्यंत मी काय पाहिलं, कुठून वळले, काही आठवत नाही. मला फक्त तो पिवळट पट्टा दिसत होता.

हात तुटला नव्हता. मनगटाची दोन हाडं मोडली होती, खांदा ओढला गेला होता. मावशीला दवाखान्यात नेलं होतं. लाँड्रीत तिघी जणी होत्या. मी आत गेल्यावर त्या वळल्या नाहीत.

काय झालं ते मला ड्राइव्हने सांगितलं. बिघाड झाला की ड्राइव्ह तो लिहून ठेवतो. छोट्या पडद्यावर मी मागे मागे गेले. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत एकच नोंद सात वेळा.

सोपं करून सांगते. फिरता ड्रम थांबवायचा म्हणजे त्याचा जोर कुठेतरी जिरवावा लागतो. मावशी तो टॉवेलात आणि तळव्यात जिरवायची. ड्राइव्ह थांबवतो तेव्हा मोटर उलटी वीज तयार करते आणि ती ड्राइव्हमध्येच परत येते. कोरड्या चादरींचा जोर ड्राइव्हला पेलला. ओल्या चादरी कितीतरी पट जड. ड्रम काठोकाठ भरलेला असताना त्यांचा जोर पंचवीस सेकंदांत परत घ्यायला गेल्यावर ड्राइव्हमधला विजेचा दाब वाढला आणि स्वतःला वाचवण्यासाठी त्याने मोटर सोडून दिली. ड्रम मोकळा सुटला, पूर्वीसारखाच तीन-चार मिनिटं फिरत. ही परतलेली वीज जाळून टाकायला एक रेझिस्टर लावतात. तो मला माहीत होता. कोरड्या चाचणीत गरज दिसली नाही, म्हणून मी लावला नव्हता.

आणि याहून वाईट पुढे होतं. ड्रम थांबला, असा निरोप मी ड्राइव्हकडून घेत होते. पण ड्राइव्हला ड्रम दिसत नाही. आपण मोटरला वीज देतोय की नाही, एवढंच त्याला कळतं. मोटर सोडून दिल्याक्षणी त्याच्या लेखी सगळं शून्य झालं आणि त्याने कुलूप उघडलं. टक्.

मावशीने स्टॉप दाबला, पुढची ट्रॉली ओढून आणली, तेवढ्यात दीड-दोन मिनिटं गेली. कुलूप उघडलेलं होतं. मोटरचा सूर बंद होता. ड्रायरच्या पंख्यांच्या आवाजात ड्रमची घरघर कान दिल्याशिवाय कळत नव्हती, आणि ड्रमच्या भिंतीला सारख्या चिकटलेल्या पांढऱ्या चादरी फिरत असल्या तरी हललेल्या दिसत नाहीत. तिने चादरीचं टोक धरायला हात घातला. आधीच्या सहा वेळा नुसत्या योगायोगाने ती उशिरा पोचली होती.

अकरा वर्षं कान देऊन वाचलेला हात माझ्या कुलपाने मोडला.

मालक मागे येऊन उभे राहिले. “बघितलंत? इतकं भारी कुलूप लावलं तरी हात घातलाच. यांना सांगून उपयोग नसतो. लिहून टाका, ऑपरेटरचा निष्काळजीपणा.”

मी बाहेर गेले. सरांना फोन केला, सात नोंदी सांगितल्या. मग ते म्हणाले, “फॅक्टरी रीसेट मार. नोंदी जातील. मग रेझिस्टर लाव आणि रिपोर्टमध्ये लिही की वापरताना चूक झाली. कुणाचं काही बिघडत नाही.”

“मावशीचं बिघडतं.”

“तिचा इलाज करतायत ना ते?”

“चूक तिची ठरली तर तिला कामावर ठेवतील का सर?”

“हे बघ,” ते थकून म्हणाले, “तू चांगली इंजिनिअर आहेस. पेपरात लेख लिहायचा असेल तर लिही. पण रिपोर्ट हा रिपोर्ट असतो.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मावशीच्या घरी गेले. स्टेशनच्या अलीकडच्या वस्तीत एक खोली. ती भिंतीला टेकून बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर ठेवलेला, एखादी परकी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. मी दारातच उभी राहिले. बस म्हणाली नाही.

“मावशी, चूक माझी आहे.”

“व्हय,” ती म्हणाली. “तू म्हनलीस डोळे झाकून. मी झाकले.”

मग तिने सांगितलं की मालकांचा माणूस दुपारी कागद घेऊन आला होता. ‘माझ्याच चुकीने माझा हात गेला,’ असं तिच्या नावाने लिहिलेला. “मी म्हनलं, उजवा हात असा हाय, सही कशी करू? तर म्हनला डाव्या हाताचा अंगठा द्या. मी म्हनलं, वा रे! दहावीपर्यंत शिकलेली बाई हाय मी, अंगठा कशाला देऊ? प्लास्टर निघू दे, सही करते झोकात.” ती हसली नाही. “सहा आठवडं हायत. तोवर तुझं तू बघ.”

परत येताना मी घरी फोन केला. वडिलांनी नेहमीसारखं “काहून वं, जेवली का?” विचारलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते पेटून उठतील, मालकांना, सरांना, सगळ्या व्यवस्थेला शिव्या घालतील. मग मला एकटं वाटणार नाही. ते फक्त म्हणाले, “स्विचपाशी तू होती.” आणि थोड्या वेळाने, “लिहून दे. सही कर. अन् झेरॉक्स ठेव.”

मी लिहायला बसले. लिहिणं मला कधी जड गेलेलं नाही. धिक्कार, निषेध, जाहीर आवाहन, हे शब्द माझ्या हातातून आपोआप उतरतात. त्या रात्री ते एकेक करून खोडावे लागले. पत्रकाला समोर कुणीतरी लागतो, ज्याच्याकडे बोट दाखवायचं. इथे प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ होता. मी गुरुवारी कोरड्या चादरींवर चाचणी घेतली. मी रेझिस्टर लावला नाही. मी थांबल्याचा निरोप ड्रमकडून न घेता ड्राइव्हकडून घेतला. मी चुकीच्या वेळी उघडणारं कुलूप लावलं, चालवणारीला हे कळण्याचा मार्ग नव्हता. चार वाक्यं लिहायला दोन वाजले. रूम पार्टनर कामावर होती. वाचून दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून मी भिंतीकडे पाहून मोठ्याने वाचलं, आणि एकही उद्गारचिन्ह नाही ना, हे पुन्हा तपासलं.

सात नोंदींचे फोटो जोडून मी रिपोर्ट सरांना दिला आणि एक प्रत लाँड्रीच्या मालकांना. मालक वाचून म्हणाले, “अभिनंदन. आपल्याकडे प्रामाणिक माणसं कमी झालीत म्हणतात, आज दर्शन झालं.” मावशीच्या सहीसाठीचा तो कागद मात्र परत तिच्याकडे गेला नाही. सरांनी मला नोकरीवरून काढलं नाही. मला नव्या ठिकाणी एकटीने पाठवणं बंद केलं, आणि दुपारी ऑफिसात मी टेबलाशी आले की बोलणं क्रिकेटवर जायचं. पुण्यात कुणी तुमच्याशी भांडत नाही, व्यवस्थित बोलायला लागतात.

लाँड्रीतलं उरलेलं काम मात्र मीच करणार, असा मी हट्ट धरला. तोवर हायड्रो बंदच ठेवायला लावला होता. मी रेझिस्टर लावला, थांबायचा वेळ पंचवीसवरून पंचावन्न सेकंदांवर नेला. ड्रमच्या शाफ्टजवळ सेन्सर बसवला, शाफ्टचा प्रत्येक फेरा मोजणारा. ड्राइव्ह काहीही म्हणो, फेरे थांबल्यावर वीस सेकंद गेल्याशिवाय कुलूप उघडणार नाही, अशी जोडणी केली. सेन्सरची वायर तुटली तरी कुलूप बंदच राहील, हेही पाहिलं. एकूण सव्वा मिनिट लागत होतं. टॉवेलपेक्षा जास्त. मालक कुरकुरले. मी म्हटलं, टेम्पो सव्वाचारला काढा. त्यांनी चष्मा पुसला आणि टेम्पो सव्वाचारला काढला.

चाचणी मंगळवारी घेतली. नळाला पाणी असताना, निथळत्या चादरींवर, ड्रम काठोकाठ भरून. मग अर्धा भरून. मग सगळं वजन एका बाजूला टाकून. मग भर वेगात मेन स्विच पाडून. तिघी बायका इस्त्रीच्या टेबलापलीकडून पाहत होत्या. जेवायच्या सुट्टीत त्या टेबलाखाली बसल्या. कुणी सरकलं नाही. मी हायड्रोच्या पायरीवर बसून डबा खाल्ला.

मावशी सहा आठवड्यांनी आली. प्लास्टर निघालं होतं, बोटं अजून पूर्ण मिटत नव्हती. तिला घड्या घालायच्या कामावर बसवलं होतं, पण त्या दिवशी ती सरळ हायड्रोपाशी आली. मी शेवटची तपासणी करत होते. ड्रम भरलेला होता. तिने डाव्या हाताने स्टार्ट दाबला, वेग चढू दिला, मग स्टॉप. सूर खाली उतरत गेला. शांत झालं. ती हलली नाही. कान देऊन उभी राहिली. कुलूप टक् वाजलं.

मी झाकण उघडायला पुढे झाले, तर तिने मला थांबवलं. झाकण तिने उघडलं. आत पांढऱ्या चादरींची गोल भिंत होती, आणि ती फिरतेय की थांबलीय हे नुसतं पाहून सांगता येणार नव्हतं.

“आता आधी तू घाल,” ती म्हणाली.

मला ती जोडणी तोंडपाठ होती. प्रत्येक वायर मी लावली होती. तरी माझा हात वर येईना. तिघी जणींनी इस्त्र्या उभ्या करून ठेवल्याचं ऐकू आलं. मग मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. चादरी गार होत्या, घट्ट दाबल्या गेलेल्या, आणि जागच्या जागी. मी हात तसाच ठेवला.

मावशीने माझ्या हाताकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही.

“बास,” ती म्हणाली. “काढ आता.” आणि डावा हात घालून तिने पहिल्या चादरीचं टोक शोधलं.